सैनिकाची बॅटरी आणि नव्वद हजार लुमेन

विचारा सुभेदारांना
(उत्तरं देणारे लष्कराच्या सिग्नल कोअरमधून निवृत्त झाले असून डिचोलीत विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचं दुकान चालवतात.)

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या वीज खंडित होण्याबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं: नोकरीत मला मिळालेली बॅटरी आजच्या मोबाईलच्या दिव्यापेक्षा मंद होती आणि तरी ती कधी कमी पडली नाही. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर सगळं बाजूला ठेवलंय. ज्यांचा पंप अडलाय त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात बघू.

सुभेदारसाहेब, ऑनलाइन एक 'मिलिटरी टॅक्टिकल टॉर्च' पाहिली. ९०,००० लुमेन, दोन किलोमीटर झोत, किंमत ७९९ रुपये. सैन्यात हीच वापरतात असं लिहिलंय. घेऊ का?
— एक वाचक, म्हापसा

घेऊ नका. का ते हिशेबानेच सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी मला विचारावं लागणार नाही.

अशा टॉर्चमध्ये बहुधा १८६५० नावाचा एक लिथियम सेल असतो, बोटाएवढा. व्होल्टेज ३.६, क्षमता चांगल्या कंपनीची असेल तर तीन अँपिअर-तास. गुणाकार केला की सुमारे ११ वॅट-तास. एलईडी एका वॅटमागे साधारण १०० ते १५० लुमेन देतो (लुमेन हे एकूण उजेडाचं माप). ९०,००० लुमेन हवे असतील तर किमान ६०० वॅट ओढावे लागतील. म्हणजे सेल मिनिटभरात खलास, आणि त्या मिनिटात तुमच्या हातात टॉर्च नाही, इस्त्री असेल! गाडीच्या साध्या हॅलोजन दिव्याचा खालचा झोत हजारेक लुमेनचा असतो. या टॉर्चवाल्याने असे नव्वद दिवे मुठीत बसवलेत म्हणायचे. सेलवर '९९०० एमएएच' (मिलिअँपिअर-तास, हजारांचा एक अँपिअर-तास) छापलेलं दिसलं तर तेही थापच समजा. त्या आकाराचा चांगला सेल ३६०० च्या आसपास थांबतो.

आता 'मिलिटरी'बद्दल. काळा रंग आणि तोंडाशी करवतीसारखे दात, एवढ्यावर हा शब्द खपतो. ज्या टॉर्चने ही फॅशन खऱ्या अर्थाने सुरू केली ती अमेरिकेतली शुअरफायर ६पी, १९८० च्या दशकातली. तिचा उजेड किती? सुमारे ६५ लुमेन. पोलीस आणि सैनिक तिच्यामागे लागले ते उजेड डोंगराएवढा होता म्हणून नव्हे. दोन छोटे सीआर१२३ लिथियम सेल, घट्ट एकवटलेला झोत, आणि शेपटाला बटण: अंगठा दाबला की पेटणार, सोडला की विझणार. विझणार, हे महत्त्वाचं. हातातून निसटून पडली तरी ती अंधारातच पडते. पेटती टॉर्च जमिनीवर लोळत तुमचेच पाय उजळते आहे, यापेक्षा वाईट वेळ सैनिकावर क्वचित येते.

दुकानात येणारा गिऱ्हाईक विचारतो, किती लांब दिसेल? सैनिक विचारतो, मी किती लांबून दिसेन? पुढची सगळी उत्तरं या एका प्रश्नातून निघतात.

माझे काका तारवटी, म्हणजे बोटीवर खलाशी होते. त्यांच्या पेटीत हिरव्या प्लास्टिकची, मान काटकोनात वळलेली टॉर्च सापडली. 'यू. एस.' आणि 'एमएक्स-९९१/यू' अशी अक्षरं आहेत. आतले सेल फुटून राड झालीय. ही काय वस्तू आहे आणि पेटेल का?
— एक वाचक, पेडणे

पेटेल. टाकू नका, आणि भंगारवाल्याला तर दाखवूच नका.

ही अमेरिकी सैन्याची व्हिएतनामच्या काळातली बॅटरी. हिच्या आधीची पिढी टीएल-१२२, दुसऱ्या महायुद्धातली. तिचे पहिले नमुने धातूचे होते, मग प्लास्टिक आलं. मान वाकडी अशासाठी की पट्ट्याला किंवा छातीवरच्या दोरीला क्लिपने अडकवली की झोत आपसूक समोर पडतो आणि दोन्ही हात मोकळे. तारा जोडताना, जखम बांधताना, नकाशा धरताना तिसरा हात कुठून आणणार?

आता ती हातात घ्या. बटणाच्या दोन्ही बाजूंना उंच कडा दिसतील. झाडीतून जाताना फांदी घासून बटण सरकू नये म्हणून त्या आहेत. बटणाला तीन जागा: बंद, चालू आणि मधली, जिथे वेगळी कळ दाबेपर्यंतच दिवा लागतो. ती मोर्ससाठी, म्हणजे छोट्या-लांब उघडझापीने अक्षरं पाठवण्यासाठी. मग बुडाचं झाकण फिरवा. काकांनी काही हरवलं नसेल तर तिथे एक सुटा बल्ब आणि रंगीत काचा, म्हणजे प्लास्टिकच्या चकत्या, मिळतील. त्यातली एक लाल. त्या तोंडाच्या कड्यात बसतात. कमी उजेड पाडण्याचं सामान बॅटरीच्याच पोटात दिलेलं आहे, हे लक्षात घ्या. जास्त उजेडासाठी काहीही दिलेलं नाही.

साफ करण्याबद्दल. आधी सेल ओळखा. अल्कलाइन सेल फुटला असेल तर पांढरी भुकटी असते आणि ती क्षारधर्मी. तिच्यावर आम्ल चालतं: कापसाचा बोळा माडाच्या व्हिनेगरमध्ये बुडवून स्प्रिंगवर फिरवा, फसफसलं की समजा काम होतंय. जुना साधा कार्बन-झिंकचा सेल असेल तर उलट, त्याचा द्रव आम्लधर्मी. तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून लावा. दोन्ही बाबतीत नंतर ओल्या फडक्याने पुसून उन्हात वाळवा आणि स्प्रिंगला बारीक पॉलिश पेपर मारा. हातात मोजे घाला, डोळे चोळू नका. (आगळ वापरू का, असं मला एका आजींनी विचारलं होतं. आगळ सोलकढीत घाला.) मग दोन मोठे डी सेल घातले की झालं.

सैनिक पूर्वी काय वापरत? आणि सिनेमात बॅटरी लाल का असते? आमच्या सरांनी सांगितलं की आता लालपण चालत नाही. — अकरावी सायन्स, फोंडा

तुझा पहिला प्रश्न मोठा आहे, तो पटकन उरकतो. दुसऱ्यात मजा आहे.

हातातल्या नळकांड्या टॉर्चचं पेटंट अमेरिकेत डेव्हिड मिसेलच्या नावे १८९९ मध्ये झालं. तेव्हाचे सेल आणि कार्बनच्या तारेचे बल्ब इतके दुबळे की क्षणभर लावायचं आणि विझवायचं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अफसर पदरचे पैसे घालून कातडी खोळीतली ओरिलक्स नावाची बॅटरी खंदकात नेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडे डायमनसारख्या चपट्या पत्र्याच्या बॅटऱ्या होत्या. आत साडेचार व्होल्टचा चपटा सेल, पाठीला कातडी पट्टी, ती कोटाच्या गुंडीत अडकवायची, आणि काचेपुढे सरकणारे रंगीत पडदे. हॉलंडात सेल मिळेनात तेव्हा फिलिप्सची मुठीने दाबायची डायनॅमो बॅटरी घरोघरी होती. सेलचा खर्च शून्य, पण घर्र-घर्र आवाज करणारी. गस्तीवर ती घेऊन गेलास तर तुझं काय होईल ते तूच ठरव.

आता लाल. डोळ्याच्या पडद्यात अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. त्यांच्यातलं रोडोप्सिन नावाचं द्रव्य उजेडाने विरतं आणि पुन्हा पुरेसं तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. लोड-शेडिंग झालं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही आणि हळूहळू अंगणातली तुळस दिसू लागते, ते हेच. पांढरी बॅटरी डोळ्यात मारली की तो सगळा साठा गेला. दंडपेशींना गडद लाल रंग जवळपास दिसतच नाही, त्यामुळे मंद लाल उजेडात नकाशा वाचला तर साठा शाबूत राहतो. मंद म्हणतोय, भगभगीत लालही डोळे बिघडवतोच.

पण लालमध्ये एक खोड आहे. मी रंगरूटांना शिकवायचो तेव्हा दिवसा त्यांच्याकडून नकाशावर खुणा करून घ्यायचो. रिवाज असा की आपल्या जागा निळ्या, शत्रूच्या लाल. रात्री तोच नकाशा ग्राउंडशीटखाली लाल बॅटरीने वाचायला लावायचा. आपली सगळी ठाणी ठसठशीत काळी दिसायची आणि शत्रू गायब! पांढरा कागद लाल उजेडात लालच दिसतो, त्यावरची लाल रेघ त्यात बुडून जाते. मुलं आधी हसायची, मग गप्प व्हायची. घरी करून बघ: लाल स्केचपेन, आणि मोबाईलच्या दिव्यावर चॉकलेटचा लाल पारदर्शक कागद दुहेरी गुंडाळ. म्हणूनच लष्करी नकाशांवर साध्या लाल आणि तपकिरी शाईऐवजी लाल उजेडातही वाचता येईल अशी शाई वापरायची पद्धत पडली.

तुझे सर म्हणतात तेही बरोबर. रात्री बघायच्या दुर्बिणी, नाइट व्हिजन, लाल आणि त्याच्या पलीकडच्या अवरक्त किरणांना फार संवेदनशील असतात. नुसत्या डोळ्यांना मंद वाटणारा लाल ठिपका तिथे मशालीसारखा दिसतो. त्यामुळे वैमानिकांच्या केबिनमधले दिवे निळसर हिरव्याकडे वळले. काही टॉर्चमध्ये ८५० नॅनोमीटरचा अवरक्त एलईडी असतो; तो लावला तर नुसत्या डोळ्याला जवळजवळ काही दिसत नाही, दुर्बीण लावलेल्याला सगळं दिसतं. अडचण अशी की समोरच्याकडेही दुर्बीण असू शकते.

टॉर्चने मोर्स खरंच पाठवता येतो का, की हे फक्त गोष्टीत?
— एक वाचक, वास्को

वास्कोकरांनी हे विचारावं! १८ डिसेंबर १९६१ ला तुमच्याच मुरगाव बंदरात बेटवा आणि बियास या आपल्या फ्रिगेट 'अफोंसो द आल्बुकेर्क' या पोर्तुगीज युद्धनौकेवर तोफा डागत होत्या आणि मधूनमधून मोर्समध्ये शरण या म्हणून सांगत होत्या.

टॉर्चने जमतं, पण सावकाश. डॅश हा डॉटच्या तिप्पट लांब असावा लागतो. जुन्या बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ घेते, घाई केली की डॉट एकमेकांत मिसळतात. म्हणून जहाजावरच्या मोठ्या सिग्नल दिव्यात दिवा पेटताच ठेवून पुढच्या झडपा उघडतात-मिटतात. एलईडीला ही अडचण नाही, तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पेटतो-विझतो. आता माझे हात वेगवान नाहीत, ही वेगळी गोष्ट.

सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर आहे. रात्री गवेरेडे येतात. लांबून दिसेल अशी टॉर्च सुचवा.
— एक बागायतदार, वाळपई

कंपनी सुचवणार नाही, काय वाचायचं ते सांगतो. खोक्यावर लुमेनऐवजी कँडेला बघा. लुमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे एका दिशेला किती जोर. चांगल्या टॉर्चवर 'एएनएसआय एफएल१' असं २००९ मध्ये ठरलेलं माप छापलेलं असतं. त्यातलं झोताचं अंतर म्हणजे उजेड जिथे पाव लक्सवर, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो ते अंतर. १०,००० कँडेला असेल तर २०० मीटर. पण चांदण्यात गवा आणि कातळ यात फरक कळतो का? म्हणून छापलेलं अंतर निम्मं धरा. माडा-पोफळींमध्ये शंभर मीटर सरळ नजर जाते कुठे तशीही? अरुंद झोत घेतलात तर पायाखाली काळोख राहतो आणि सत्तरीत पायाखालीच जास्त भीती. माझं ऐका: कमरेला किंवा डोक्याला एक मंद, पसरट दिवा कायम चालू, आणि हातात झोताची टॉर्च, गरजेपुरती. पावसासाठी 'आयपीएक्स८' हा पाणी आत न शिरण्याचा दर्जा बघा, आणि झाकणाच्या रबरी रिंगला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल नको, काही जातींचं रबर तेलाने फुगतं.

गवा दिसला तर डोळ्यांवर झोत रोखून उभे राहू नका. मागे सरका.

मुलगा लडाखला पोस्टिंगवर आहे. फोनवर म्हणतो, आई, इथे सेल दोन दिवसांत मरतात. इथून पाठवू का? कुठले?
— एक आई, पर्वरी

ताई, ते मरत नाहीत, गारठतात. साध्या अल्कलाइन सेलमधलं रसायन पाण्यात कालवलेलं असतं. उणे वीसच्या खाली त्यातली हालचाल इतकी मंदावते की सेल भरलेला असून रिकामा वाटतो. त्याला म्हणावं, फेकून देऊ नकोस. आतल्या खिशात अंगाशी ठेव, तासाभराने पुन्हा घालून बघ. आम्ही झोपतानाही सेल स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचो.

पाठवायचेच असतील तर एकदाच वापरायचे लिथियम सेल पाठवा. 'लिथियम' हा शब्द सेलवरच छापलेला हवा. ते उणे चाळीसपर्यंत चालतात, वजनाला हलके असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. महाग पडतील. आकार त्याच्याकडून विचारून घ्या, एए की सीआर१२३, कारण चुकीचे गेले तर लेहला दुकानातही बदलून मिळणार नाहीत. आणि पार्सल करण्याआधी टपाल किंवा कुरियरवाल्याला स्पष्ट सांगा की आत लिथियम सेल आहेत. विमानाने जाणाऱ्या पार्सलात त्यांना वेगळे नियम लागतात, न सांगता टाकलेत तर डबा वाटेतच अडकेल. नारळाच्या वड्या त्याच डब्यात घालू नका, दुसऱ्या पार्सलने पाठवा.