वाचकांचे प्रश्न : वाकालिगाचा मारधाडपट

प्रश्न : युगांडातला 'हू किल्ड कॅप्टन ॲलेक्स?' दोनशे डॉलरच्या आत झाला म्हणतात. अशा सिनेमाची लोकांनी वर्षानुवर्षं वाट का पाहिली?
– एक वाचक, मिरज

उत्तर : माझा फार लाडका सिनेमा आहे हा! दिग्दर्शक नाब्वाना आयजीजी कंपालाच्या वाकालिगा वस्तीत राहतात, शूटिंगही तिथंच. नट शेजारपाजारचेच. रक्तासाठी आधी गाईचं रक्त वापरायचे. एक नट त्यानं आजारी पडला, तेव्हापासून कंडोममध्ये खाण्याचा लाल रंग भरून फोडतात. खर्चाचा आकडा नाब्वानांनीच सांगितलेला.

2010 मध्ये ट्रेलर यूट्यूबवर आला आणि जगभर फिरला. सिनेमा मात्र गावातच, नट स्वतः दारोदार डीव्हीडी विकत होते. परदेशातल्या चाहत्यांनी बघायचा कुठून? पूर्ण सिनेमा यूट्यूबवर यायला 2015 उजाडलं. तोवर मूळ प्रत गेलेली, कारण पुढच्या कामाला जागा हवी म्हणून कॉम्प्युटर पुसावा लागला होता. उरली ती व्हीजे (म्हणजे व्हिडिओ जोकर) एमीच्या धावत्या कॉमेंट्रीची प्रत. तिकडच्या व्हिडिओ हॉलमध्ये असा माणूस सिनेमाबरोबर बोलतच असतो, ती रीतच आहे.

2015 मध्येच पुढच्या सिनेमासाठी नाब्वानांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर 160 डॉलर मागितले. 13,000 हून जास्त जमले. ही माणसं जीव ओतून काम करतात, ते ट्रेलरमध्येच दिसत होतं. लोक थांबले ते त्यासाठी, असं मला ठामपणे वाटतं. तुम्ही बघाल तेव्हा आवाज मोठा ठेवा, एमीचा एक शब्द चुकवू नका.