गाडीला लिक्विड वॅक्स पॉलिशिंग मशीनने लावलं तर चालतं का?

चालतं, पण मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचं हवं, म्हणजे ज्याचा पॅड फिरता फिरता थोडा हलतोही. एकाच दिशेने गरगर फिरणारं रोटरी नवख्याने वापरू नये. कडांवर रंग तापून उडू शकतो.

गाडी धुऊन पूर्ण कोरडी करा, सावलीत लावा, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. सगळ्यात मऊ फोम पॅड घ्या, त्यावर वॅक्सचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. आधी पॅड पत्र्यावर टेकवा, मगच मशीन सुरू करा, नाहीतर शिंतोडे उडतात. स्पीड सर्वात कमी, दाब अजिबात नाही. थर जितका पातळ तितका चांगला. जाड थर पुसताना फार त्रास देतो. काळ्या प्लॅस्टिकवर आधी मास्किंग टेप लावाच, तिथले पांढरे डाग सहज निघत नाहीत. वॅक्स धुरकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबरने हातानेच पुसा.

ओरखडे मात्र याने जाणार नाहीत. त्यासाठी आधी कंपाउंड किंवा पॉलिश, म्हणजे रंगाचा वरचा अगदी पातळ थर घासून काढणारी पेस्ट, लागतं.