पणजोबांच्या मागे जायचं तर मोडीचा क्लास लावावा का?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या मागची दोन-तीन नावं शोधायचीत, घरात ट्रंकेत मोडीत, म्हणजे मराठी लिहायच्या जुन्या जोडलिपीत, लिहिलेले जुने कागद आहेत, तर क्लास लावावा की यूट्यूब पुरे. माझं मत सांगते, लावाच. आणि पहिल्या दिवसापासून स्वतःच्या घरच्या कागदांच्या झेरॉक्स सोबत घेऊन जा.

मी आधी घरीच शिकले. तक्ता प्रिंट काढून भिंतीला चिकटवला, बाराखडी आठ-दहा दिवसात जमली पण, आणि मग आमच्या जमिनीचा एक जुना कागद उघडला तर एक ओळ लागेना. तक्त्यात अक्षरं सुटी असतात हो, कागदावर मात्र कारकुनाने आधी आडवी रेघ ओढून हात न उचलता लिहिलेलं असतं, शब्द कुठे तुटतो कळत नाही, पूर्णविराम नाही, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि र तर शेजारी कोण आलंय ते बघून रूप बदलतो. मग मी अंदाजाने वाचत गेले आणि तोच अंदाज खरा धरून वंशावळ काढली. दोन वर्षं माझ्या वहीत खापरपणजोबांचं नाव चुकीचं होतं. जुन्या कागदात "रामा बिन बाबाजी" अशी पद्धत असते, बिन म्हणजे मुलगा, वलद पण तेच, पण सगळं सलग लिहिलेलं त्यामुळे मी ते एकाच माणसाचं नाव समजले आणि बाप-लेक एक करून टाकले, म्हणजे अख्खी एक पिढी गेली.

हे क्लासमध्ये सरांनी माझा कागद हातात घेतल्यावर मिनिटभरात कळलं. तसंच "कोम". बाईच्या नावानंतर कोम आला की पुढे नवऱ्याचं नाव, म्हणजे अमक्याची बायको. वंशावळीत बायकांची नावं लिहायचेच नाहीत ना, त्या सापडतात त्या अशाच कागदांत, नवरा गेला आणि जमिनीला तिचं नाव लागलं तर. मला माझ्या खापरपणजीचं नाव असं मिळालं. आईला फोन करून सांगितलं तर म्हणाली हे नाव आपल्या घरात कुणी कधी घेतलेलंच नाही.

तारखांसाठी पण कुणीतरी शिकवणारं लागतंच. शक असेल तर ७८ मिळवले की इसवी सन येतं, फसलीला, म्हणजे महसुलाच्या वर्षाला, ५९०, हे सोपं. पण पेशवाईतल्या कागदात सन अरबी शब्दांत असतो, "सबा सबैन मया व अलफ" म्हणजे ७, ७०, १०० आणि १०००, झाले ११७७, त्यात ५९९ मिळवा, १७७६ आलं, आणि हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवायचे.

कुठे शिकायचं? पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० सालची संस्था, तिथे मोडीचे वर्ग होतात. राज्याचं पुराभिलेख संचालनालय पण प्रशिक्षण घेतं. चौकशी करताना एकच विचारा, खरे कागद वाचायला देता का? मी आधी पैसे भरून एक ऑनलाईन कोर्स केला होता, त्यात शेवटपर्यंत छापील सुबक मोडीच दाखवली, त्याचा घरच्या कागदाला काही उपयोग झाला नाही.

पण मोडी यायची वाट बघत थांबू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुने फेरफार आणि गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक बघा, त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. पणजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचं जनरल रजिस्टर. नाशिक, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तिथल्या गुरुजींच्या, यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं लिहिलेल्या वह्या आहेत, तिथे आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं, आत्ता राहता ते गाव नाही, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी तेवढं विचारून घ्या. आणि तुमचं गाव मराठवाड्यातलं असेल तर निजामाच्या वेळचे बरेच कागद उर्दूत असतात, मग आधी त्या ट्रंकेत नक्की कुठली लिपी आहे तेच कुणा जाणकाराला दाखवा, उगाच चुकीच्या क्लासला पैसे जायला नकोत.

आणि प्लीज ते कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर नकोच. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात फोटो काढा, मागच्या बाजूचे पण. माझ्या त्या कागदावर तारीख मागेच होती.