सिंहगड उतरताना ब्रेकला जळका वास: खालच्या गिअरविषयी

सिंहगड उतरताना ब्रेकला जळका वास आला, आता वरंध घाटाने महाडला जायचे आहे, पण खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडते म्हणून ते खराब होईल आणि पेट्रोलही जास्त लागेल, अशी भीती आपण व्यक्त केली आहे. ती मनातून काढून टाका. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि पेट्रोल जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी ते जळतच राहते.

1200 किलोची गाडी 500 मीटर खाली उतरते, तेव्हा साधारण 18 लिटर पाणी उकळेल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर टाकली तर लायनर तापून पकड सोडतात. शिवाय डॉट 4 दर्जाचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत येऊ शकते. अनेक वर्षांपूर्वी दिवे घाट उतरताना माझ्या पायाखालचे पेडल अचानक मऊ होऊन खाली गेले होते. ऑइलमध्ये वाफ धरली होती. दुसरा गिअर पडलेला होता म्हणूनच गाडी आवाक्यात राहिली.

ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुना नियम आजही धरून चालावा, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकावा. पाय काढूनही वेग वाढत राहिला तर ब्रेकने वेग कमी करून आणखी एक गिअर खाली यावे. इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा तीन-चार हजारांवर गेला तरी घाबरू नये, फक्त लाल पट्टीत जाऊ देऊ नये. ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा वेळ ठाम दाबून सोडावा. वळणावर क्लच दाबून गाडी सोडून देण्याची सवय अनेकांना असते, ती कृपया मोडा. त्या क्षणी इंजिनाचा आधार सुटतो. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरावा. नुसत्या गिअरने वेग कमी होताना मागचे लाल दिवे लागत नाहीत, म्हणून मागे गाडी असल्यास ब्रेकच्या पेडलला हलका स्पर्श करावा.

पुन्हा वास आलाच तर रुंद, सपाट जागी थांबून गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा आणि ब्रेकची डिस्क आपोआप निवू द्यावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षे झाली असतील, तर वरंधला निघण्यापूर्वी ते बदलून घ्या.