'जलसंत्रासाने उंदरांची प्रतिकारशक्ती नष्ट होते' हे वाक्य चालेल का?

प्रश्न एका भाषांतरातल्या वरील वाक्याचा आहे. व्याकरणाला हरकत नाही, शब्द मात्र जवळजवळ सगळेच अडतात.

'जलसंत्रास' हे मुळात माणसातल्या लक्षणाचे नाव. पाणी गिळताना, पुढे ते नुसते पाहूनही, घशाचे स्नायू आखडतात. उंदरात हे दिसत नाही. अंगावरचे केस विस्कटतात, पाठीला पोक येतो, मागचे पाय लुळे पडतात. 'अलर्क'ही टाळावा, कारण संस्कृतात त्याचा अर्थच पिसाळलेला कुत्रा. सरळ 'रेबीज' लिहा.

'उंदीर' म्हटल्यावर माऊस की रॅट? प्रयोगातला माऊस साधारण 20 ग्रॅमचा, रॅट त्याच्या दहापट किंवा जास्त. 'पांढरा उंदीर' म्हणून सुटका नाही, दोन्ही पांढरे असतात. एकदा कंसात 'माऊस' लिहून पुढे 'उंदीर' म्हणावे.

खरी अडचण 'प्रतिकारशक्ती नष्ट होते' यात आहे. बोलताना आपण ही शक्ती काढ्याने वाढणाऱ्या साठ्यासारखी वापरतो. इथे साठा रिकामा होत नाही, वेगवेगळ्या जागी वेगवेगळे घडते, आणि प्रत्येकाला वेगळे क्रियापद लागते. विषाणूचे पी प्रथिन पेशीतल्या स्टॅट-1 या निरोप्या प्रथिनाला पेशीकेंद्रात शिरू देत नाही आणि इंटरफेरॉनचा (विषाणूविरुद्ध इशारा देणाऱ्या प्रथिनाचा) निरोप तिथेच अडतो: हा 'अटकाव'. विषाणूच्या मारक वाणाच्या (उपप्रकाराच्या) संसर्गात रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे रक्तातले पदार्थ मेंदूत जाण्यापासून रोखणारी भिंत, बंदच राहतो, म्हणून रक्तात प्रतिपिंडे असूनही मेंदूत पोचत नाहीत: हा 'चकवा'. (क्षीण वाणात तो अडथळा उघडतो, प्रतिरक्षेच्या पेशी आत येतात आणि उंदीर वाचू शकतो.) ज्या टी पेशी (बाधित पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) आत पोचतात, त्यांना बाधित मेंदूतले फास लिगँड आणि पीडी-एल1 हे रेणू मरणाकडे ढकलतात. 'नाश' शोभतो तो फक्त इथे. हे रेणू नसलेल्या उंदरांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आहे.

राहिले 'दमन', म्हणजे प्रतिरक्षा दबणे. थायमस (छातीतली, टी पेशी घडवणारी ग्रंथी; परिभाषेत 'यौवनलोपी ग्रंथी', पण ते वाचून कोणाला काय कळणार!) आणि प्लीहा आक्रसतात, तेव्हा तो शब्द बरोबर. यामागे अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींची स्टेरॉइडे असतात. त्या ग्रंथी काढलेल्या उंदरांत आक्रसणे टळते, तरी उंदीर मरतातच. म्हणून 'दमनामुळे मृत्यू' असे जोडू नये.

माझे वाक्य: 'रेबीजच्या मारक वाणामुळे उंदरांचा प्रतिरक्षा प्रतिसाद मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि पोचला तरी टिकत नाही.' शीर्षकाला लांब वाटले, तर 'रेबीजचा उंदरांच्या प्रतिरक्षेला चकवा'.