दोन रेघांनी चेक वाचतो का?

प्रश्न : इतवारीतल्या होलसेलवाल्याला पोराच्या हातून चेक पाठवला, रस्त्यात पडला अन् कोणीतरी काउंटरवरून १८,००० काढून नेले. क्रॉस केला असता तर वाचले असते का? (एक दुकानदार, महाल, नागपूर)

उत्तर : बहुतेक वाचले असते भाऊ. तुमचा चेक बेअरर होता, म्हणजे ज्याच्या हातात त्याचे पैसे. क्रॉस करणं म्हणजे डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारणं; त्या मारल्या की काउंटरवर कॅश मिळतच नाही, पैसे कोणाच्या तरी खात्यातच जातात, म्हणजे चोराचा माग राहतो. पण नुसत्या रेघांवर थांबू नका, मधे 'अकाउंट पेयी' लिहा, मग नाव ज्याचं त्याच्याच खात्यात जमा होतात, अन् नावापुढचं छापील 'बेअरर' पण खोडा, ते आपण सगळेच विसरतो बाप्पा.

आता एक गोष्ट, रेघांनी खाडाखोड थांबत नाही. कोणी शाई उडवून नाव किंवा आकडा बदलला तर? म्हणून आकड्याला चिकटून '/-' लिहा, नावापुढची मोकळी जागा रेघ ओढून भरा अन् ५०,००० किंवा त्याच्या वरचा चेक असेल तर त्यावरचं नाव, तारीख, रक्कम बँकेला आधीच कळवा, म्हणजे बँक ताडून बघते; 'पॉझिटिव्ह पे' नावाची ही सोय जानेवारी २०२१ पासून आहे. अन् चेक हरवला की आधी स्टॉप पेमेंट, म्हणजे बँकेला सांगून तो चेक थांबवणं, पोराला रागवणं नंतर.