माणसं उन्हात उभी करायची तर

प्रिय मित्रा,

तुझ्या लढाईच्या चित्राचा फोटो नीट पाहिला. घोडे चांगले उतरलेत, चिलखतांवरची मेहनतही दिसते. तरी माणसं त्या माळावर उभी वाटत नाहीत, वरून चिकटवल्यासारखी दिसतात. दोष शरीररचनेत नाही, उजेडात आहे. माळ उन्हातला आहे आणि माणसं खोलीतल्या दिव्याखालची. दिव्याखाली सावली बहुधा एकसारखी तपकिरी पडते. उघड्यावर तसं होत नाही. सावलीतला जो भाग आभाळाकडे वळलेला असतो, म्हणजे खांदा किंवा घोड्याची पाठ, तो निळसर दिसतो. जमिनीकडे वळलेला भाग, हनुवटीखालचा किंवा घोड्याच्या पोटाचा, उन्हात तापलेल्या मातीचा पिवळसर उजेड झेलतो. हे डोळ्यात भिनल्याशिवाय प्रसंगचित्र, म्हणजे असं एखादी घटना दाखवणारं चित्र, साधणार नाही, म्हणून निदान वर्षभर ते बाजूला ठेव आणि निसर्गचित्रं कर.

बाहेर नेताना बोर्ड २० बाय २५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. त्यावर जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, तीन हात दे, मध्ये बारीक सँडपेपर मार. आदल्या दिवशी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) लावून फडक्याने पुसून घे. पांढऱ्याशुभ्र बोर्डावर प्रत्येक छटा आहे त्यापेक्षा गडद भासते, हात बिचकतो आणि सगळं चित्र फिकं होतं. तेलरंग सहाच पुरेत: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमझन (गडद लाल; ट्यूबवर ‘पर्मनंट’ लिहिलेला घे, जुन्या पद्धतीचा उजेडात उडतो) आणि अल्ट्रामरीन (निळा). काळ्याची गरज नाही, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून हवा तेवढा गडद होतो. ट्यूबमधला तयार हिरवा तर नकोच. अल्ट्रामरीन आणि ऑकर यांचा मळकट हिरवा झाडीला बहुतेक ठिकाणी चालतो, उन्हाच्या पानांना त्यात लेमन यलो घाल, फारच कच्चा वाटला तर चिमूटभर बर्न्ट सिएना.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दोन तासांत सावल्यांची दिशा आणि लांबी दोन्ही बदलतात. फ्रेंच निसर्गचित्रकार व्हालांसिएन यांनी १८०० सालीच सांगून ठेवलं होतं की अशा अभ्यासाला दोन तासांवर वेळ देऊ नये, आणि सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धाच तास. पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांचे आकार पक्के कर आणि मग त्यांच्या मागे धावू नकोस.

सुरुवात रंगाने नको, चार छटांनी, म्हणजे उजळ ते गडद अशा चार पायऱ्यांनी कर. साधारणपणे आभाळ सर्वात उजळ, त्याच्याखालोखाल सपाट जमीन, मग डोंगरउतार, आणि उभी झाडं सर्वात गडद. डोळे अर्धवट मिटून पाहिलं की हे गट वेगळे होतात. झाडातला उजळ भागही जमिनीच्या सावलीपेक्षा उजळ झाला की नाही हे दर वेळी ताडून पाहा, नवशिक्याची झाडं तिथेच फसतात. लांबवर काय होतं तेही लक्षात घे: आधी गडद छटा फिक्या आणि निळसर होतात, हिरव्यातला पिवळा निघून जातो, पण उन्हातला पांढरा उलट किंचित पिवळसर होतो. सगळ्यालाच निळा फासून अंतर दिसत नाही. इंग्रज निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये ढगांचे अभ्यास केले तेव्हा मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. तूही लिही, कारण पुढे प्रसंगचित्रासाठी हेच बोर्ड कामाला येणार आहेत.

आता प्रसंगचित्र. आधी हंगाम, वेळ आणि सूर्याची बाजू ठरव, पात्रं नंतर. काडेपेटीएवढ्या आकारात, फक्त तीन छटांत वीसेक मांडण्या कर. तिथे प्रसंग वाचता आला नाही तर दोन मीटरच्या कॅनव्हासवरही येणार नाही. मग क्षितिजरेषा. तुझ्या चित्रात ती पुढच्या सैनिकांच्या डोळ्यांशी आहे आणि मागच्यांची डोकी मात्र पुढच्यांच्या छातीशी. सपाट जमिनीवर उभ्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर तेवढ्याच उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात, ते पाच पावलांवर असोत की पाचशे. वर सरकतात ते फक्त पाय. स्वाराच्या ती साधारण कमरेजवळून जाते. टेकडीवरून पाहिलंस तर रेषा सगळ्यांच्या वर जाईल, पण जवळच्याच्या डोक्यावर ती एक माणूसभर असेल तर लांबच्याच्या डोक्यावरही त्याच्या मापाने एक माणूसभरच. दहातली नऊ ‘तरंगणारी’ माणसं या एका हिशेबाने खाली उतरतात.

पोशाख कल्पनेने काढू नकोस. स्वस्तातल्या पण तेवढ्याच जाड कापडाचा शिवून घे, मॉडेलला घाल आणि चित्रात जी वेळ आहे त्याच वेळी उन्हात उभं कर. जाड कापडाला मोजक्या मोठ्या चुण्या पडतात, पातळाला पुष्कळ बारीक, हे खोटं करता येत नाही. गर्दीसाठी मातीच्या बोटभर आकृत्या करून एका दिव्याखाली मांड, कोणाची सावली कोणावर पडते ते कळतं. फ्रेंच चित्रकार पूसँ मेणाच्या आकृत्या अशाच वापरायचा. दिवा इथे फक्त सावलीच्या जागेसाठी, रंगासाठी नव्हे. लढाईत धूळ असणारच, तर घोड्यांचे पाय तिच्यात विरू दे, खुरांना धार काढू नकोस. रात्रीचा प्रसंग असेल तर मशालीपासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे दुसऱ्या रांगेतले चेहरे जवळजवळ अंधारात जायला हवेत.

३० बाय ४५ चं रंगीत कच्चं चित्र पक्कं झालं की त्यावर ५ सेंटिमीटरच्या चौकटी आख आणि १२० बाय १८० च्या कॅनव्हासवर २० च्या, मग एकेक चौकट बघून चित्र मोठं उतरव.

थरांचा नियम एकच: खाली कमी तेल, वर जास्त. पहिल्या थराला फक्त टर्पेंटाइन, दुसऱ्याला एक भाग जवसाचं तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन, शेवटच्याला निम्मंनिम्मं, आणि हे मिश्रण रंगाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त कधीच नको. वरचा थर आधी वाळला आणि खालचा अजून हलत राहिला तर भेगा पडतात. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, आयव्हरी ब्लॅक (काळा) आणि अलिझरिनला आठवडा सहज लागतो, म्हणून जाड काळ्यावर अंबर चढवू नकोस. फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या ‘मेडुसाचा तराफा’ (१८१९) या चित्राचे गडद भाग काळवंडून सुरकुतले, कारण त्यात वापरलेलं बिट्युमेन, म्हणजे डांबरी तपकिरी रंग, नीट वाळतच नाही. वाळल्यावर गडद जागा निस्तेज पडल्या तर तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून फडक्याने पुसून काढ, मगच पुढचं काम कर. नाहीतर मंद जागा बघून तू छटा चुकीची जुळवशील. वार्निशला पातळ चित्राला सहा महिने, जाड लेपाला वर्ष थांब.

हे चित्र फेकू नकोस. माळ तसाच ठेव, माणसं खरवडून काढ आणि क्षितिजरेषा धरून फक्त पुढची तीन पुन्हा बसव.

कळावे.

ता. क. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टोपलीत टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या कापडात ती साठून आपोआप पेट घेते. चिंध्या बाहेर सुट्या पसरून वाळव, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाक.